एका दिशेनं पुसलेली काच

आमच्या घरी उर्दू मशिदीपुरती आणि शुद्ध मराठी कॉलेजपुरती. घरात आणि दुकानात अहिराणीच. आजोबा गाद्यांचा कापूस पिंजायचे. तयार गाद्या मिळायला लागल्यावर अब्बांनी धनुकली माळ्यावर टाकली आणि शहाद्याच्या बाजारात फोटोफ्रेमचं दुकान घातलं. काच कापायची, पट्टी जोडायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. देवांचे फोटो येतात, दर्ग्यांचे येतात, लग्नांचेही येतात, पण सगळ्यात जास्त येतात ते गेलेल्या माणसांचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लोणखेड्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि दर एप्रिलला घरी. कायमची जागा हवी तर पीएचडी हवी, आणि माझ्या पीएचडीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही. मी जे सांगणार आहे ते या शेवटच्या वर्षातलं आहे.

माझा विषय लिक्विड क्रिस्टल. हे ऐकलं की लोक खिशातून फुटका मोबाईल काढतात आणि विचारतात, "मॅडम, डिस्प्ले बसवून मिळंल का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर बाजारातल्या मोबाईलवाल्याचा पत्ता देऊन मोकळी व्हायला लागले. अब्बांना मात्र मी नीट समजावलं होतं. समोरच्या दुकानातून उदबत्तीचे दोन पुडे आणून काउंटरवर एकावर एक उभे केले. "या काड्या म्हणजे माझे रेणू. सगळ्या उभ्या आहेत, थरांमध्ये आहेत. पण पुडा सैल असला तर थरातली काडी कुठेही सरकते. हा झाला साधा स्मेक्टिक." मग दोऱ्यानं पुडा आवळला. "आता प्रत्येक काडीभोवती बरोबर सहा काड्या. हा वरच्या शिस्तीचा."

अब्बांनी चष्मा वर करून काड्या मोजल्या. सहाच भरल्या. "आनि वरना पुडा? त्यान्या काड्या खालन्या काड्यास्ले धरीसन ऱ्हातीस का?"

हाच माझा प्रश्न होता. वरचा थर खालच्या थराला धरून राहिला आणि थरातही प्रत्येकाची जागा लांबपर्यंत ठरलेली असली, तर तो जवळजवळ घन स्फटिक. नुसती दिशा टिकते आणि जागा चार पावलांवर विस्कटते, तेव्हा त्याला हेक्साटिक म्हणतात. माझ्या पदार्थात यातलं नेमकं काय आहे, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. माणसं चंद्रावर जातात आणि मी सहा वर्षं हे करत होते.

काम तसं चिकाटीचं. दोन काचांच्या मध्ये कणभर पदार्थ, खाली तापणारी बैठक, वर ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक. पदार्थ पूर्ण वितळवायचा आणि मग हळूहळू थंड करायचा, इतका हळू की तीन अंश उतरायला अर्धी दुपार जाते. मधेच वीज गेली की बैठक झपकन गार होते, पदार्थ गोठतो, पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे वीज कधी जाईल हे महावितरणलाही माहीत नसतं, मला कुठून असणार.

त्यात कॉलेजच्या काचपट्ट्या संपल्या. नवीन खोक्यासाठी तीन दरपत्रकं, प्राचार्यांची सही, खरेदी समितीची बैठक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी घरी येऊन चरफडले तेव्हा अब्बांनी शांतपणे विचारलं, "कितल्या जोयजेत?"

त्यांनी फ्रेमच्या काचेतून साठ पट्ट्या कापून दिल्या. कडा ओल्या दगडावर घासल्या, म्हणजे माझं बोट कापू नये. माझ्या भिंगासाठी काच जरा जाड होती, पण चालून गेली. शेवटी त्यांनी एकेक पट्टी मखमलीच्या तुकड्यानं पुसली. ती मखमल दर्ग्याच्या फोटोंमागे लावायची, हिरवी. पुसायची त्यांची पद्धत मी लहानपणापासून बघत आले आहे. मखमलीची लव ज्या बाजूला झोपते त्याच बाजूला हात, जोर सारखा, वीस वेळा. "उलटा हात फिरावाना नही. काच डागाळस," हे वाक्य मी अक्षरओळखीच्या आधी शिकले असेन.

त्या काचांवर मला जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अशा पदार्थात एरवी रंगीत पंखे दिसतात, लहान-मोठे, एकमेकांत घुसलेले. माझ्या भिंगाखाली एकही पंखा नव्हता. सगळीकडे एकच रंग, आणि बैठक फिरवली की सगळा पट एका क्षणी काळा. आणखी थंड केल्यावर बारीक रेघा चमकून विझल्या, वरच्या शिस्तीचा टप्पा सुरू झाला, आणि तिथेही तेच. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझे रेणू एका ओळीत उभे होते, आपणहून. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं म्हणून बरं, मी टेबलावर हात आपटून ओरडले. एका नमुन्यात दिसलं असतं तर शंका घेतली असती. अकरा नमुन्यांत दिसलं.

गाईडना फोटो दाखवले. त्यांच्या हाताखाली आठ विद्यार्थी आणि निवृत्तीला वर्ष उरलेलं. तरी त्यांनी विचारलं, "काचेचा परिणाम नाही ना? काचेवर काही लावलं होतं?"

"काही नाही सर. साधी काच. स्वच्छ पुसलेली."

हे खरंच होतं. त्यांनी सही केली. मी चौथं प्रकरण लिहिलं: या पदार्थात थरांमधली शिस्त स्फटिकासारखी, लांबवर पोचणारी आहे. प्रबंध विद्यापीठाकडे गेला आणि त्याच आठवड्यात अब्बांनी पदवीच्या मापाची फ्रेम बनवली. सागवानी पट्टी, मागे हिरवी मखमल, पुढे काच. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असं मी म्हटलं, पण त्यांनी ती दुकानात समोरच्या खिळ्यावर टांगलीच. रिकामी. गिऱ्हाइकानं विचारलं तर लेकीच्या कौतुकानं म्हणायचे, "मन्ही आंडेर डॉक्टर व्हई ऱ्हायनी. सुईवाली नही, पुस्तकवाली." दर शुक्रवारी नमाजहून आले की आधी तिची काच पुसायचे.

परीक्षकांनी क्ष-किरणांचा पुरावा मागितला. आमच्या जिल्ह्यात तसलं यंत्र नाही. एका लांबच्या संस्थेत ओळख काढून नमुना पाठवला, आणि चार महिने वाट बघितली. आलेला आलेख मी सायबर कॅफेत छापून घेतला. जिथे सुईसारखं टोक हवं होतं तिथे पसरट टेकाड होतं. थरांमध्ये दिशा आहे, जागा नाही. हेक्साटिक. या कुळातल्या पदार्थांत हेक्साटिक असतो हे इतरांनी केव्हाच लिहून ठेवलेलं होतं, म्हणजे मी डोंगर पोखरून दुसऱ्याचा उंदीर काढला होता. आलेख परीक्षकांना पाठवला, तेव्हा त्यांची एकच ओळ परत आली: उमेदवाराने काच कोणत्या दिशेने घासली होती, हे प्रबंधात नमूद नाही.

मी आधी हसले. घासली? मी कशाला काच घासेन? मग जुन्या पुस्तकातला एक परिच्छेद आठवला, परीक्षेपुरता पाठ केलेला. काच कापडानं एकाच दिशेनं घासली तर त्यावरचे रेणू त्या दिशेला वळतात. मोबाईल-टीव्हीचे पडदे बनवणारे कारखाने मुद्दाम हेच करतात, आणि त्यासाठी मखमल वापरतात.

तरी खात्री करायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात जाऊन दोन काचा पुसून मागितल्या, एक लांबीला आणि एक तिरकी. अब्बा म्हणाले, "तिरकी कसाले?" मी म्हटलं, असंच. तिसरी काच मी स्वतः आम्लानं धुतली आणि न पुसता वाळवली. पहिलीवर पट नेहमीसारखा काळा झाला. तिरकीवर तो बैठक तेवढीच तिरकी फिरवल्यावर काळा झाला. तिसरीवर साधे पंखे आले, मोडके-तोडके, कुठल्याही पुस्तकात असतात तसे. माझे रेणू आपणहून कधीच रांगेत उभे नव्हते. ते अब्बांच्या हाताचा हुकूम पाळत होते.

चौथं प्रकरण गेलं की प्रबंधात उरतं काय? गाईड म्हणाले, नव्यानं नोंदणी कर. नव्यानं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या गाईडकडे. मुदत संपली. जूनमध्ये कायमची जागा निघाली, तिथे पीएचडीवाला एक जण आला आणि भरलीही. त्याला मी दोन वर्षं शिकवलं होतं. हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

खरं सांगते, मला अब्बांचा राग आला. एखाद्या तरी काचेवर आळस करायचा होता. चाळीस वर्षांत एकदा तरी उलटा हात फिरवायचा होता. मग स्वतःचाच राग आला, कारण त्यांनी तसं केलं असतं तर मला सांगण्याजोगं काही सापडलंच नसतं. मी त्यांना काहीच बोलले नाही. कामाचं विचारलं की "चालू आहे" म्हणायचे. फ्रेम खिळ्यावर होती आणि शुक्रवारी पुसली जात होती. सहा महिने असे गेले.

मग एका बुधवारी, मी दुकानात बसले असताना, लांब डोंगरातल्या मोलगीहून एक माणूस आला. बायको गेली होती. मोबाईलमधला फोटो त्यानं शेजारच्या स्टुडिओतून मोठा करून आणला होता. कपाळावर हात धरून ती बाजारात उभी होती, उन्हानं डोळे बारीक केलेले. चारची जीप गाठायची होती, ती गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, कापायला आता त्यांना वेळ लागतो. त्या मापाची तयार फ्रेम दुकानात नव्हती.

माणसानं समोर बोट दाखवलं. "ती रिकामीच आहे ना?"

अब्बांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा काहीही म्हणू शकले असते.

"देई टाका, अब्बा," मी म्हटलं.

ते स्टुलावर चढले, फ्रेम काढली, मागचे खिळे उपसले. बाईचा फोटो आत बसवण्याआधी काच बाहेर काढून मांडीवर घेतली आणि मखमलीनं पुसली. एकाच दिशेनं, वीस वेळा. मी मोजले. माणूस फ्रेम छातीशी धरून जीपकडे पळाला.

दुकानात बराच वेळ कोणी आलं नाही. अब्बांनी मखमलीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"मन्ही काच खराब व्हती का, बेटा?"

"नही, अब्बा. काच एकदम साफ व्हती."

"मंग?"

या "मंग"चं उत्तर माझ्याजवळ होतं, परीक्षकांच्या एका ओळीत मावेल एवढं. मी म्हटलं, "मंग काही नही. मन्हंच चुकनं."

त्यांनी मान हलवली. मग काउंटरखाली वाकून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. जड होतं.

"आखो वीस कापी ठेयेल शेतस. मी इचार करा, तुले परत लागतीन," ते म्हणाले. "या टाइमले तं जास्त चांगल्या पुसेल शेतस."

मी दोन्ही हात पुढे करून त्या घेतल्या.