समुद्राकाठचा बंगला आणि इंद्रायणीचा अंगठा

तुमच्या आईबापाच्या जमिनीवरून तुमच्या बहिणीचं नाव कोणत्या दिवशी गेलं, सांगता येईल का? गाडी शोरूममधून काढली तो मुहूर्त सांगाल. शर्यतीच्या घाटात आपली बैलजोडी पहिली आली ते साल सांगाल. बहिणीची सही मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. एक साडी, एक वेळचं पुरणाचं जेवण, आणि विषय संपला. स्वस्तात पडलेली गोष्ट कोण लक्षात ठेवतो?

इंद्रायणीच्या मात्र तो दिवस पक्का ध्यानात आहे. मंगळवार होता. ती चोवीस वर्षांची होती, तेजल पोटात होती. चाकणच्या पलीकडं तिच्या माहेरची सात एकर कारखान्याला निघाली होती. थोरला भाऊ दौलतराव तिला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेला, दाखवील तिथं सही करायला लावली आणि हिरवी साडी हातात ठेवली. पहिल्याच धुण्यात त्या साडीचा रंग परकराला लागला. सात एकराचा मोबदला दौलतरावाला, हिरवा परकर इंद्रायणीला. याला आपल्याकडं बहीण-भावाचं प्रेम म्हणतात.

त्या पैशात दौलतरावानं तीन मजले चढवले, वर सिमेंटचा गरुड बसवला. इंद्रायणी भोसरीत भाड्याच्या खोलीत राहिली. नवरा गोरक्ष लेथवर. ती घरात बसून रबरी वायसर, म्हणजे वॉशर, साफ करते. कंपनीतून गोणी येते, प्रत्येक वायसरच्या कडेला चिकटलेला फाजील रबर ब्लेडनं कापायचा, अंगठा फिरवून कड गुळगुळीत झाली का बघायची आणि पुढचा उचलायचा. सतरा वर्षं हेच. वायसर गुळगुळीत करता करता अंगठाही गुळगुळीत झाला. एवढ्या वर्षांत तिनं पाच वेळा खोली बदलली. दर वेळी मालक म्हणायचा, पोराचं लग्न ठरलंय, खोली खाली करा.

आता दौलतरावाचा धंदा ऐका, कारण तो धंदा आहे असं तो स्वतः मानत नाही. तो त्याला समाजसेवा म्हणतो. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर सातबारावर तुमचं नाव शेतकरी म्हणून असावं लागतं. शहरातल्या पगारदाराला आंब्याची चार झाडं आणि रविवारची झोपाळ्यावरची डुलकी हवी असते, पण तो शेतकरी नसतो. मग दौलतराव छाती पुढं काढून म्हणायचा, "आमी हाय ना साहेब! नाव आमचं, माल तुमचा." पैसे साहेबाचे, खरेदीखत दौलतरावाच्या नावावर आणि शंभराच्या स्टॅम्पावर काहीतरी खरडलेलं. चारपाच वर्षं गोडीगुलाबीत जायची. जमिनीला भाव आला की दौलतराव कुंपणाला नवं कुलूप घालायचा.

असे एक उद्धवराव होते. पिंपरीत बँकेत कारकून, निवृत्तीचा सगळा पैसा दहा गुंठ्यांत ओतलेला. पत्र्याची खोली बांधली, दोन चिकू लावले. एके दिवशी येऊन बघतात तर कुलूप. इंद्रायणी तेव्हा आजारी आईपाशी माहेरी आली होती. अंगणात उद्धवराव उभे, टोपी हातात. "दौलतराव, निदान खोलीतली माझी सायकल तरी..." दौलतराव खुर्चीतून उठलासुद्धा नाही. पानाची पिंक टाकून म्हणाला, "साहेब, कागद बगा. कागद बोलतो. तुमी बोलून काय उपेग?" इंद्रायणीनं त्या माणसाला पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि न पिता परत ठेवला. त्या तांब्याची तिला कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. ज्याला वाटायला हवी होती तो संध्याकाळी मटण खात होता.

अशा माणसाला परदेशात बंगला कशाला हवा? शेजारच्या गावच्या नानासाहेबानं दुबईत फ्लॅट घेतला म्हणून. दुसरं काही कारण असेल तर शोधून दाखवा. नानासाहेब शर्यतीच्या घाटावर माइकवरून बोलला, "मागच्या महिन्यात दुबईच्या घरी होतो..." आणि दौलतरावाच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं इतकं वाढलं की ते थेट थायलंडच्या समुद्रावरच उतरलं.

वाकडच्या एका ऑफिसातला प्रज्वल नावाचा तरणा एजंट त्याला भेटला. पांढरे बूट, दोन फोन, प्रत्येक वाक्यात 'भाऊ'. तो दौलतराव आणि रुक्मिणीवहिनींना फुकेतला बंगला दाखवायला घेऊन गेला. आणि दौलतरावानं बॅगेत काय भरलं असेल? सातबारा! लॅमिनेशन केलेला. सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरीच्या लाल शिक्क्यासकट. आपण हाडाचे शेतकरी आहोत हे दाखवलं की जगात कुठंही जमीन मिळते, अशी या शहाण्याची समजूत. तिथल्या ऑफिसातल्या पोरीनं तो कागद उलटा धरला, सुलटा धरला, हसून त्याचा फोटो काढला आणि नारळपाणी आणून दिलं. दौलतराव परत येऊन गावभर सांगत फिरला, "आपला सातबारा चालला राव तिकडं!"

वहिनींनी इंद्रायणीला वेगळंच सांगितलं. "घरात पवायचं तळं हाय. ह्यांना विहिरीत पवता येत न्हाई, तळ्यात काय करनार? आन् मी तिथं एकच इचारलं, दळन कुटं दळून मिळतंय. तर सगळी हसली."

बंगला घ्यायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. गॉगल घातलेला दौलतराव, मागं नारळीची झाडं, खाली अक्षरं: 'परदेशात वास्तू घेणारे गावचे पहिले सुपुत्र'. पैसा मात्र कमी पडत होता, कारण तो बैलांत, गाड्यांत आणि फ्लेक्सांतच गेला होता. विकण्याजोगं एकच उरलं होतं. विहिरीखालचे अठरा गुंठे.

हे अठरा गुंठे बापाचे नव्हते. आईनं डेअरीला दूध घालून, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावावर घेतले होते. त्यावर आता बारा पत्र्याच्या खोल्या आहेत, बीड-जालन्याकडची कंपनीतली माणसं भाड्यानं राहतात. भाडं दौलतराव खातो. आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि वारस म्हणून सातबारावर दोन नावं लागली: दौलतराव आणि इंद्रायणी. चाळीस वर्षांच्या आयुष्यात इंद्रायणीचं नाव लागलेली ती पहिली जागा. तिनं तेजलच्या फोनवर तो उतारा बघितला आणि पुन्हा बघितला. तेजल म्हणाली, "आई, त्यातल्या कोपऱ्यावर दोन खोल्या बांधल्या ना, तर आपल्याला परत कुणी खाली करा म्हणणार नाही." रात्रीच्या भाकरी थापताना त्या दोन खोल्यांची दारं कुठल्या बाजूला ठेवायची ते इंद्रायणीनं ठरवून टाकलं.

मग भाऊबीज आली. अकरा वर्षांत भोसरीच्या खोलीची पायरी न चढलेला दौलतराव त्या दिवशी हजर. गाडी गल्लीत मावेना, म्हणून निम्मी गटारावर. सोबत प्रज्वल. इंद्रायणीनं पाट मांडला, ओवाळलं. दौलतरावानं ताटात पाकीट टाकलं आणि ताटाखाली कागदांचा गठ्ठा सरकवला.

"हे काय, दादा?"

"काय न्हाई गं. आठरा गुंठ्याची हक्कसोड. सोमवारी हापिसात येऊन नुसता अंगठा ठेवायचा."

गोरक्ष कोपऱ्यातून म्हणाला, "वाचून तर बघू दे तिला."

"दाजी, बहीण-भावात वाचायचं काय आसतंय? तुमी चा घ्या." मग आवाजात तूप घालून इंद्रायणीला म्हणाला, "इंदे, येडी का तू? तिकडं तुला सोतंत्र खोली ठेवलीया, समुद्राच्या बाजूची. इथनं पुढं तुजं माहेर थायलंडला! दर दिवाळीला इमानानं न्यायाला येतो."

ज्यानं अकरा वर्षांत चाकणहून भोसरीला एक रिक्षा पाठवली नाही, तो विमान पाठवणार होता.

तेजल म्हणाली, "मामा, आईला पासपोर्ट काढून द्या आधी."

दौलतराव हसला, पण डोळे हसले नाहीत. निघताना दारात थांबून त्यानं खरं ते बोलून घेतलं. "हिस्सा घेनारीचं माहेर तुटतं, इंदे. आईनं तुला हेच शिकवलं आसंल."

आईनं असलं काही शिकवलं नव्हतं. पण गावातल्या सगळ्या बायका हेच शिकून सासरी जातात. कोण शिकवतं ते कुणी विचारत नाही. ज्याचा फायदा होतो तोच शिकवत असणार, एवढी साधी गोष्ट. इंद्रायणी रविवारभर वायसर कापत बसली. दोन खोल्या की माहेर? शेवटी तिनं ठरवलं, जाऊ दे. म्हाताऱ्या वयात कुणी 'ये' म्हणणारं दार असावं. सोमवारी ती तीच हिरवी साडी नेसून नोंदणी कार्यालयात गेली.

तिथं ही गर्दी. नंबर आल्यावर कारकुनानं तिचा फोटो काढला आणि म्हणाला, "अंगठा ठेवा." तिनं ठेवला. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा कारकुनानं तिचा अंगठा धरून दाबला. "रेषाच नाहीत बाई तुमच्या. काय काम करता?"

"रबर कापते."

"बाहेर नळ आहे. साबणानं धुवा, पुसून कोरडा करा, या."

मागं दौलतराव चिडला. "येवढं बी धड जमंना हिला!"

ती नळापाशी गेली. दौलतराव आणि प्रज्वल तिथंच कट्ट्यावर बसले. वेळ घालवायला दौलतराव बंगल्याचं बोलत होता. इंद्रायणीनं साबण चोळता चोळता, सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "दादा, तिथला सातबारा तुज्या नावावर होनार ना?"

प्रज्वलनंच उत्तर दिलं, विक्रीची सवय म्हणून. "ताई, तिकडं सातबारा नसतो. आणि फॉरेनरला जमीन घेता येत नाही तिकडं. पण टेन्शन नाही, सिस्टीम आहे. बंगल्याचा तीस वर्षांचा भाडेपट्टा भाऊंच्या नावानं. खालची जमीन तिथल्या लोकल माणसाच्या नावावर. आपलाच माणूस आहे, एकदम विश्वासाचा. वेगळं अॅग्रीमेंट करून देतो तो."

नळ चालू होता. इंद्रायणीच्या हातावरचा फेस वाहून गेला तरी तिनं हात मागं घेतला नाही.

"म्हंजे नाव त्याचं, माल दादाचा?"

"एक्झॅक्टली, ताई!"

तिनं दौलतरावाकडं बघितलं. "दादा, तिथला दौलतराव कोन हाय रे?"

प्रज्वलला काही कळलं नाही. दौलतरावाला कळलं. नुसतं कळलं नाही, तर पुरतं कळलं, कारण जगात ही विद्या त्याच्याइतकी कुणालाच येत नव्हती. त्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि उघड्या तोंडानंही मूर्ख काय म्हणाला? "तसं न्हाई करत ती लोकं. लई सज्जन आसत्यात." स्वतः डझनभर माणसांना कुंपणाबाहेर काढलेला हा गडी, दुसऱ्या देशातल्या दौलतरावाच्या सज्जनपणावर बहिणीचे नऊ गुंठे लावायला निघाला होता. नानासाहेबाची जिरवायची होती ना! मग डोळ्यांदेखत खड्डा दिसला तरी त्यात गाडीसकट जायचं.

इंद्रायणीला उद्धवराव आठवले. टोपी, सायकल, न प्यालेला तांब्या. तिनं पदरानं अंगठा पुसून कोरडा केला आणि आत गेली. या वेळी यंत्र हिरवं झालं. निबंधक साहेबांनी कागद समोर ओढला आणि रोज शंभर जणांना विचारतात तसं, मान वर न करता विचारलं, "हक्क सोडताय, मान्य आहे का?"

सोळा वर्षांपूर्वीही कुणीतरी हे विचारलंच असणार, पण तेव्हा दौलतरावानंच "व्हय व्हय" म्हणून टाकलं होतं. आत्ताही तो म्हणालाच, "व्हय, साहेब."

"तुम्हाला नाही विचारलं."

"न्हाई," इंद्रायणी म्हणाली. "मला मान्य न्हाई."

साहेबांनी आता मान वर केली.

बाहेर दौलतराव कार्यालयाच्या दारातच बोंबलला. "आजपास्नं तुला माहेर न्हाई! मेलीस तू आमाला!" रांगेतली माणसं बघायला लागली. इंद्रायणी वळली. "दादा, कागद बोलतो. आपुन बोलून काय उपेग?" एवढं म्हणून ती भोसरीच्या बसकडं चालू लागली. बसमध्ये बसल्यावर रडली. त्याचं कौतुकही नको आणि कीवही नको. भाऊ तुटला की माणूस रडतं, भाऊ कसलाही असो.

दौलतराव गेला नाही थायलंडला. 'कोर्टात खेचतो' म्हणून दोन वकील करून बघितले, दोघांनीही हात वर केले. अठरा गुंठ्यांची मोजणी झाली, मधून दगड बसले. पुढच्या संक्रांतीला रुक्मिणीवहिनी वडाप रिक्षानं एकट्याच भोसरीला आल्या, तिळगुळाचा डबा घेऊन. नवऱ्याला सांगून आल्या का, ते इंद्रायणीनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. चहा पिताना म्हणाल्या, "दारं उगवतीला ठेव." तशीच ठेवलीत. दोन खोल्या उभ्या आहेत, प्लास्टर राहिलंय.

आणि तो फ्लेक्स? वाऱ्यानं सुटला तो अठरा गुंठ्यातल्या एका भाडेकरूनं उचलून न्हाणीच्या गळक्या पत्र्यावर टाकला. पहिले सुपुत्र तिथं गॉगल लावून उताणे पडलेत, नारळीच्या झाडांसकट. पाणी थेंबभर गळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडले.

तुमच्या घरी येत्या दिवाळीला पाट मांडला जाईल. तुम्ही ओवाळणारी असा नाहीतर पाटावर बसणारा, एवढं करा: ताटाखाली कागद दिसला तर ताट बाजूला ठेवा, कागद हातात घ्या, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, मोठ्यानं वाचा.