ओ आल्याशिवाय

दारावर टकटक झाली की माझी मावशी ‘कोण आहे?’ असं विचारत नाही, ‘हॅलो!’ म्हणते. काका म्हणतात, “हिला स्वप्नातसुद्धा राँग नंबर लागतात.” शीतगृहाच्या टेलिफोन बोर्डवर, एकेका लाइनचा प्लग खोचण्या-काढण्यात तिची उभी हयात गेली आहे.

मी एकदा तिच्यापुढे ज्ञान पाजळलं होतं. हॅलो हा शब्द फोनच्या आधीचा. लांबच्या माणसाचं लक्ष वेधायला तशी हाक मारत. फोन आल्यावर त्या हाकेचा नमस्कार झाला.

“नमस्कार तुमचा झाला असेल,” मावशी म्हणाली. “माझी अजून हाकच आहे. समोरून ओ आल्याशिवाय मी प्लग काढत नाही.”

एका दुपारी मी तिथलं वायरिंग तपासायला गेले होते. गोठवणखोलीच्या लाइनचा दिवा लागला. मावशीने प्लग खोचला.

“हॅलो?”

काहीच नाही. साधी खरखरही नाही.

“हॅलो! कोण बोलतंय?”

सुपरवायझर वैतागले. “लाइन बिघडलीय, बाई. आत कोणी नाही. आत काम करणारा फिटर कधीच जेवायला गेला. काढा तो प्लग, हेड ऑफिसचा फोन यायचाय.”

“येऊ दे की. आधी इथून ओ येऊ दे. हॅलो!”

तिचा आवाज चढत होता. मला एकदम सुचलं. “मावशी, तिकडचा माइक गेला असेल. त्याला ऐकू येईल, पण बोलता येणार नाही. खटका दाबायला सांग, इथला दिवा विझेल.”

“फिटरभाऊ, रिसीव्हर ठेवायचा खटका दोनदा दाबा.”

आम्ही तिघं दिव्याकडे बघत राहिलो. दिवा विझला, लागला. बराच वेळ गेला. पुन्हा विझला, लागला.

सुपरवायझर पहार शोधत धावले. मावशी फोनला चिकटून होती. “हॅलो, झोपायचं नाही! हॅलो, भाऊ, दाबा खटका!” दिवा लुकलुके, मग बराच वेळ तसाच राही. एकदा इतका वेळ राहिला की मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

शेवटी दार फोडल्याचा आवाज आला. आतली कडी तुटून दार आधीच अडकून बसलं होतं. फिटरला घोंगडीत गुंडाळून बोर्डाजवळच्या बाकावर आणून बसवलं. ओठ निळे, दातांवर दात आपटत होते.

मावशीने वळून त्याच्याकडे पाहिलं. “हॅलो?”

“ह... हॅलो, ताई.”

तेव्हा कुठे तिने प्लग काढला.