दुसरीच्या हाराची गाठ

लोकांना बदल शिकवायची नोकरी मला लागली, याचं सगळ्यात जास्त हसू आमच्या घरीच आलं. तोवर मी पत्रकं लिहायची. कंत्राटी सफाई कामगारांसाठी, वसतिगृहातल्या पाण्यासाठी, बसथांब्यावर सावली हवी म्हणून. लिहायची, छापून आणायची, चौकात उभं राहून वाटायची. पुण्याच्या एका प्रशिक्षण संस्थेला वऱ्हाडात माणूस हवं होतं. वऱ्हाडी बोलणारं आणि लोकांसमोर तोंड उघडायला न घाबरणारं. आई म्हणाली, "आतालोक लोकायले भडकवत होती. आता समजावशीन?"

मी म्हटलं, "तेच काम हाय. तोंड तेच."

ते तेच काम नव्हतं, हे कळायला मला आख्खे टेम्पोभर हार तुटलेले बघावे लागले.

माझं पहिलं काम अमरावतीतच निघालं, बडनेऱ्याच्या बाजूला. टिनाचं लांबट शेड. आत ओल्या पोत्यांखाली झेंडू, शेवंती, गुलछडी. चौदा बाया पहाटेपासून हार करायच्या. मालक फुलं पिकवणाऱ्या घरातला, चाळिशीचा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. पूर्वी त्याचे हार गावातच खपायचे. आता अकोल्यापासून तिवशापर्यंतच्या सभागृहांच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या आणि सकाळ पुरत नव्हती. म्हणून त्याने आमच्या संस्थेला बोलावलं.

तिथली पद्धत अशी की प्रत्येक बाई आपला हार आपण करायची. फुलं निवडणं, देठ कापणं, ओवणं, खाली गोंडा लावणं, शेवटी गाठ. पहिल्या फुलापासून गाठीपर्यंत एकच हात. संस्थेने कागदावर ते मोडून पाच भाग केले. पाच जागा, पाच कामं, हार एकीकडून दुसरीकडे सरकत जाणार. हात कमी हलणार, हार जास्त होणार. चूक काही नव्हती त्यात. कागदावर कधीच काही चूक नसते.

मी प्रोजेक्टर घेऊन गेले. शेडमध्ये इतका उजेड, की पडद्यावर काही दिसेना. मग एका बाईने घरून जाड चादर आणून दाराला लावली, आणि त्या गुदमरत्या अंधारात मी चौदा बायांना बदलाचे टप्पे दाखवले. दर चित्रानंतर विचारायचे, "समजलं?" चौदाही जणी म्हणायच्या, "हो." मी खूश. आमच्या सभांमध्ये लोक हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी मोर्चाला येत. इथे हो म्हणजे, आटप बाई लवकर, फुलं सुकून राहिली.

शेवटच्या जागेवर, गाठीच्या कामाला, मी मावशीला बसवलं. शेडमधली सगळ्यात जुनी बाई. भाऊची आई हार करायची तेव्हापासूनची. तिच्या डोळ्यांना आता सुई ओवता येत नव्हती. बोटं अजून कुणाहीपेक्षा भरभर चालायची, पण सुईत दोरा घालायचा म्हटलं की ती दाराशी जाऊन उन्हात उभी राहायची आणि चार वेळा चुकायची. मला वाटलं, गाठीला सुई लागत नाही, म्हातारीची सोय झाली. मी माझ्यावरच खूश होते.

तीन दिवसांनी अकोल्याची मोठी ऑर्डर गेली. एका सभागृहात निवृत्त झालेल्यांचा सत्कार होता. मी टेम्पोत पुढे बसून गेले, कारण मला रिपोर्टसाठी फोटो हवे होते. नवी पद्धत, हसरे चेहरे, गळ्यात हार.

पहिल्याच माणसाच्या गळ्यात हार पडला, त्याने हात जोडून मान वाकवली, आणि गोंडा सुटून खाली गेला. मागून झेंडू, एकेक करत, पायरीवरून उतरावं तसे. लोक हसले. दुसरा हार. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी कुणी हसलं नाही. एक गृहस्थ, आयुष्यभर कारकुनी केलेले असावेत, खाली बसले आणि आपली फुलं रुमालात गोळा करायला लागले. सूत्रसंचालन करणारा माईकवर म्हणत होता की कृपया हार हातातच धरावेत.

मी फोटो काढला नाही. भाऊला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "गाठीवर कोन होतं?"

"मावशी."

"बरं," म्हणाला आणि ठेवून दिला.

परत मी रेल्वेने आले. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीत बसायला जागा होती, पण मी दारापाशी उभीच राहिले. पुण्याहून संस्थेतल्या माझ्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. त्या शांत होत्या, त्यांना असं कधीतरी होणार हे माहीतच असतं. म्हणाल्या, "अगं, प्रत्येक गटात एक विरोध करणारी व्यक्ती असते. पुस्तिकेत वाचलंयस ना? ती ओळख, तसं लिही, आणि तिच्या जागी दुसरी बसव. उद्या चारपर्यंत रिपोर्ट दे."

आणि खरं सांगते, मी ते लिहिलं. त्या गाडीतच, फोनवर. शेवटच्या जागेवरील महिलेने जाणीवपूर्वक सैल गाठी मारल्या. जाणीवपूर्वक हा शब्द मी पत्रकांत कितीदा वापरला असेल. प्रशासन जाणीवपूर्वक दुर्लक्ष करत आहे. किती सहज येतो तो हाताला. मी बदलले नव्हते, माझं फक्त गिऱ्हाईक बदललं होतं.

पण तो रिपोर्ट पाठवायला बोट पुढे जाईना. मावशीला काढलं तर पुढे काय, हे मला ठाऊक होतं. सुई न ओवता येणाऱ्या बाईला या शहरात दुसरं कुणी हारावर बसवणार नव्हतं. आणि तिला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. मग वाटलं, निदान डोळ्यांनी बघून तर लिहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेडमध्ये गेले. भाऊ यायचा होता. बायांपर्यंत बातमी पोचली होती. मी कुणाला काही न विचारता ओवणीच्या जागेवर बसले आणि सुई हातात घेतली.

शेजारची तरुण बाई, तिला सगळ्या धाकटी म्हणायच्या, ती म्हणाली, "मॅडम, बोट सांभाळा. रिपोर्ट लिहाले लागते नं ते."

दुसरी म्हणाली, "राहू दे वं. पुण्याची सुई हाय ते, आपोआप चालते."

मी अमरावतीची आहे म्हटलं, तर त्या जास्तच हसल्या.

अर्ध्या तासात कसाबसा एक हार ओवला. गोंडा लागला आणि तो मावशीकडे गेला. मी तिच्या बोटांकडे टक लावून बघत होते. तिने दोऱ्याची टोकं धरली, एक वेढा घेतला, हलकेच ओढला आणि हार क्रेटमध्ये ठेवला. बस. अर्धी गाठ. माझ्या मनात रिपोर्टची ओळ वाजली. बघा, जाणीवपूर्वक.

"मावशी, पक्की मारा नं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला कुणाच्या घरात घुसायला सांगितलं. "तुह्या हाराले मी कायले मारू?"

"म्हणजे?"

"तू ओवला नं? मंग गाठ तुही."

धाकटीने सुई खाली ठेवली. तिला माझी कीव आली असावी. म्हणाली, "मॅडम, गाठीवरून हार कोनाचा ते समजते. हिची गाठ उलटी, माही दोन वेढ्याची. कुठं तुटला तं गाठ पाहून ज्याचा त्याले वापस येते, अन् ते मुकाट्यानं पुन्हा ओवून देते. दुसरीच्या हाराले आपली गाठ मारली म्हंजे एक तं तिचं काम चोरलं, नाई तं तिचं पाप आपल्यावर घेतलं. याच्यावरून भांडनं झाली हायेत इथं. केस धरून."

"मग या अर्ध्या गाठी?"

मावशी म्हणाली, "एखादी मधातच उठली तं तिची टोकं सुटू नये म्हून आमी वेढा देतो. मंग ज्याची ते येऊन पक्की करते. आजलोक तं येतच होत्या."

आजवर येतच होत्या, कारण क्रेट प्रत्येकीच्या पुढ्यात असायचं. मी ते उचलून मावशीपाशी ठेवलं होतं, तिथून थेट टेम्पोत. ओवणाऱ्या बायांना वाटलं, मॅडमने गाठीला माणूस दिलं, म्हणजे मावशीला परवानगी असेल. मावशीला वाटलं, बाया जाताना आपापल्या गाठी मारून जातील. आणि त्या अंधाऱ्या चादरीमागे, तिसऱ्या की चौथ्या चित्राला, तिने मला विचारलंही होतं, "बाई, गाठ कोनाची मारू?" मी म्हटलं होतं, "गाठ म्हणजे गाठ, मावशी. पुढे बघा."

भाऊ दहाला आला. चप्पल न काढता आत आला, आणि मावशीकडे न बघता मला म्हणाला, "तुमी लिहून द्या मॅडम. म्हंजे तिले काढलं हे मले तिच्या घरच्यायले सांगाले सोपं जाते."

म्हणजे त्यालाही कागद हवा होता. माझा. मी त्याला गाठींचं सगळं सांगितलं, भरभर, मध्ये श्वास न घेता. त्याने मान हलवली.

"माईत हाय मले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माही माय इथंच बसे. माईत कावून नसन?"

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी शिकवाले आल्या होत्या नं," तो म्हणाला. "मले वाटलं, पुण्याच्या पद्धतीत त्याचंही काही असन."

मला राग आला. चौदा बायांना माहीत होतं. मालकाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शिकवणाऱ्या बाईला, आणि म्हणून सगळे गप्प होते. मी त्याच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि सांगितलं की मावशीचं नाव येणार नाही, जागा मी लावल्या, चूक मी केली, तसं लिहिते आहे. वरिष्ठ बाई म्हणाल्या, "तू भावनिक होते आहेस. मग तिथलं काम आम्ही दुसऱ्याकडे देऊ." मी म्हटलं, द्या.

फोन ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊ म्हणाला, "ते तुमचं झालं. माहं काय? हिले ठेवू कशी?"

तेव्हा मावशी उठली. "सगळे हार माह्या नावावर कर. मी पक्क्या गाठी मारीन. तुटले तं सगळे मले वापस आन."

मला वाटलं, सुटला प्रश्न. पण धाकटी ताडकन बोलली, "अन् आमच्या हाराचं काय मावशी? आमी काय नुसत्या ओवनाऱ्या? उद्या हार चांगला झाला तं नाव तुहं, अन् आमचं काहीच नाई?"

मावशी खाली बसली. तिला ते पटलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यातच तिची जागा जात होती. यासाठी माझ्याकडे पडद्यावर दाखवायला चित्र नव्हतं.

शेवटी धाकटीच म्हणाली, रागातच, "निवडनं अन् कापनं वाटून घेऊ, त्यात कोनाचं काही जात नाई. ओवनं ज्याचं तिचं, गाठ ज्याची तिची. मावशीचंही. मी सकाळी येऊन तिले वीस सुया ओवून ठेवतो. भाऊ, वीस सुया आना."

भाऊने हिशेब केल्यासारखं छताच्या टिनाकडे बघितलं. "मंगळवारी तिवशाची ऑर्डर हाय. तिचे हार तुटले तं मंग मी आयकनार नाई कोनाचं."

"तुटले तं मी सांगाले येनारच नाई," मावशी म्हणाली.

तो चप्पल वाजवत बाहेर गेला. धाकटीने शेडभरच्या मोकळ्या सुया मागून घेतल्या, दोऱ्याचं बंडल मांडीवर ओढलं, पहिली सुई डोळ्यांसमोर धरली आणि थांबली. मला वाटलं, मलाच काही म्हणेल.

"मॅडम," ती म्हणाली, "दारातून सरका. तुमच्यानं उजेड अडून राहिला."