यंत्रमानवाचा चेहरा

कोपरखैरण्याला काकांच्या घरी जमायचं ठरलं, तेव्हा तयारी माझ्याकडे आली. जादा व्हीसीआर, वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड, पावभाजी. आमचा ग्रुप एका जुन्या अंतराळ-मालिकेच्या वेड्यांचा. पुठ्ठ्याचं यान, दोरीला टांगलेले ग्रह, तरी सगळे संवाद आम्हाला तोंडपाठ. शेवटचा भाग मात्र कुणाकडेच नव्हता. करंजाड्याला राहायला जाताना आमच्यातल्या एकाला माळ्यावर त्याची कॅसेट सापडली, कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली.

मालिकेतला यंत्रमानव म्हणजे आमचे काका. तरुणपणी हौशी नाटकांतून मालिकेत गेले, पुढे बेलापूरला सरकारी नोकरीत रमले. सगळे भाग पत्र्याच्या टोपात काढले. फक्त शेवटच्या भागात टोप उतरवतात.

"लग्नापासून ऐकतेय," काकू म्हणायच्या. "त्या डब्यात कोण होतं, देवाला ठाऊक!"

"बघशील गं," काका हसायचे. पण ते त्यांना लागायचं.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसत होती. मी म्हटलं, आधी साफ करून कॉपी काढून घेऊ. ग्रुपने उडवून लावलं. सापडलेला भाग कुणी एकट्याने बघायचा नाही, पहिल्यांदा सगळ्यांनी एकत्रच, हा आमचा नियम.

"म्हणजे कॉपीवाला आधी बघणार आणि आमी नंतर? मॅडम, टेन्शन नका घेऊ," ग्रुपमधला एक म्हणाला.

काकाही त्यांच्याच बाजूने.

चित्र लागलं. रेघा होत्या, पण चालत होतं. यंत्रमानव यानाच्या दारात आला, त्याचे हात टोपाकडे गेले. काका खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात व्हीसीआर कुरकुरला आणि पडदा निळा झाला.

मी झाकण उघडलं. टेप चाकांत गुंतून तुटली होती. मोकळा तुकडा हातात घेतला, तर वरचा तपकिरी थर माझ्या बोटांना लागला. चित्रच पुसलं गेलं होतं. जादा व्हीसीआर शेजारीच होता. त्याचं काय करणार?

काकू उठून काकांजवळ आल्या. "अहो, तुम्हीच होता ते. चाल ओळखली मी."

"आज नको म्हणूस. दया येऊन म्हणतेयस."

"तसं नाही हो..."

"चेहरा बघून म्हणायला हवं होतंस."

बसावं की निघावं, कुणालाच कळेना. मी वायरी गुंडाळायला घेतल्या, मग टीव्ही बंद करायला गेले.

"राहू दे जरा," काका म्हणाले.