सिनेमाच्या चाली आणि जयंतीचं गाणं

मला टीव्हीसमोर बसवत नाही. मुलगा म्हणतो, एवढा मोठा टीव्ही तुझ्यासाठीच घेतला. मी बसते, पाच मिनिटांत उठते, गॅलरीत जाऊन खालची दुकानं बघते, पाणी पिते, परत येते. तोवर मालिकेतली बाई आ करून तिथेच उभी असते. तिच्या हातातलं ताट सोमवारी पडलं, आज गुरुवार, सांडलेलं अजून कोणी उचललं नाही.

मालिकेतल्या घरात कोणालाच काम नसतं. सून शालू नेसून झोपते. सासू अंगभर दागिने घालून भाजी निवडते आणि ती एक मेथीची जुडी तिला महिनाभर पुरते. मी चौथी शिकलेली बाई, मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत तोडाईला जायची. मला एवढं कळतं की भांडायलाही अंगात ताकद लागते आणि दिवसभर काम केल्यावर ती फारशी उरत नाही. गाण्याच्या स्पर्धा तर त्याहून वाईट. पोरगं दोन ओळी म्हणतं की खुर्चीवरचे परीक्षक डोळे पुसायला लागतात. सूर चुकला असेल तर चुकला म्हणा. रडता कशाला?

आताच्या सिनेमाच्या गाण्यांत ढोल इतका असतो की शब्द ऐकू येत नाहीत. ते बरंच आहे. ऐकू आले की लाज वाटते.

यंदा असंच एक गाणं आमच्या घरात शिरलं. सुनेनं आणलं.

सून पंचायत समितीत नोकरीला आहे. आवाज चांगला, पण वीस वर्षांत तो फक्त स्वयंपाकघरात निघाला. मी मोर्शीला बायकांच्या गायन पार्टीत पुढे गाणारी होते, आणि हे तिला पाहुण्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की तिनं कधी माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. यंदा एप्रिलातल्या जयंतीला पुढे उभं राहून गायला विहारातल्या बायकांनी तिला निवडलं. शब्द गल्लीतल्या रिटायर मास्तरांनी लिहिले. चाल सिनेमाची, हल्ली प्रत्येक वरातीत वाजते ती. एका संध्याकाळी तिनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्यासमोर उभी राहून दोन ओळी म्हटल्या.

"कसं वाटते, आई?"

"चाल वरातीतली हाय ना हे?"

"हो. लोकायले पाठ हाय म्हून घेतली."

"लोकायले पिक्चरमधल्या त्या बाईची कंबर पाठ हाय. तू तोंड उघडलं का पोट्टे शिट्या मारतीन. जयंतीच्या दिवशी हसू करून घेशीन."

तिनं टीव्हीचा आवाज परत लावला. त्या दिवशी ती सरावाला गेली नाही. फोनवर तिनं बायकांना सांगितलं, दुसरी कोणी पाहा, माझा घसा बसला. घसा चांगला होता.

मी खरं तेच बोलले होते, म्हणून शब्द मागे घेतला नाही. आमच्या काळी असं नव्हतं, हे मी नातीला सांगत बसले. नात कॉलेजात आहे. तिला म्हटलं, आमची गाणी माझा मोठा भाऊ लिहायचा. अंगणात एकदा म्हणून दाखवायचा आणि आम्ही बायका उचलायचो. चालीही त्याच्याच. उलट सिनेमावालेच आमच्या चाली चोरतात.

ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा मालकांनी मला पहिल्यांदा टॉकीजला नेलं. मध्येच एक गाणं सुरू झालं आणि मी ताडकन उभी राहिले. "हे आमचं गानं हाय! आमची चाल चोरली यायनं!" मागून लोक ओरडले, "ओ बाई, खाली बसा!" मालकांनी पदर ओढून बसवलं. घरी जाताना ते इतके हसले की सायकलवरून उतरावं लागलं. म्हणाले, पिक्चर जुना आहे, चाल तुझ्या भावानंच घेतली. मी म्हटलं, तुम्ही पिक्चरवाल्यांच्याच बाजूनं बोलणार. ते जाईपर्यंत आमचा हा वाद मिटला नाही.

नात ऐकत होती आणि मोबाइल चाळत होती. "आजी, ते गानं गुणगुण बरं यात."

मी गुणगुणले. मोबाइलनं ओळखलं. पडद्यावर एक दारुडा हातात बाटली घेऊन धडपडत तीच चाल गात होता. पिक्चर माझ्या जन्माच्या आधीचा. तिनं दुसरं गाणं विचारलं. त्यात एक माणूस सायकलची घंटी वाजवत दोन पोरींच्या मागे लागला होता. तिसरं गाणं असं होतं की ते म्हटलं की मोर्शीच्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. ते एका क्लबात निघालं. डोक्यात पिसं खोवलेली बाई, आणि समोर सिगारेटी ओढणारे बाप्ये.

"वा आजी! कॅबरेवर लोकायले रडवलं तुमी!"

नात लोळून हसली. मी गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. भावाचा राग आला. तो आता नाही, विचारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी भाजीला निघाले तर पिशवी घरीच राहिली. परत आले आणि पिशवी घेऊन कशाला निघाले होते तेच विसरले. डोक्यात एकच घोळ चालला होता. मोर्शीचे बाप्ये कामाला अमरावतीला जायचे, टॉकीजला जायचे. त्यांना त्या चाली ठाऊक असणारच. मग आमच्यावर कोणी शिट्टी का मारली नाही?

आम्ही काही मोठ्या गायिका नव्हतो. भांडी घासताना तिन्ही गाणी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे एक ढोलकी आणि मंजिरा, बस. सिनेमात गाण्याच्या आधी जी पेटी-बाजाची लकेर वाजते, ती आम्हाला वाजवताच यायची नाही. आम्ही सरळ शब्दच उचलायचो. चाल ओळखीची आहे हे कोणाच्या ध्यानात येईपर्यंत दोन ओळी कानात गेलेल्या असायच्या. शिट्टी पडते ती त्या लकेरीवर.

मी हात पुसले. सून मागे भाकरी थापत होती.

"चाल वाईटच हाय," मी म्हटलं.

"आता काहून बोलता? मी नाई म्हटलं ना त्यायले."

"आमच्या याच्याहून वाईट होत्या. पोरीनं दाखवल्या."

"मले मालूम हाय."

"तुले कसं मालूम?"

"माझ्या बाबाकडं जुन्या गान्याच्या कॅसेटी होत्या. तुमी टॉकीजची गोष्ट पयल्यांदा सांगतली तवा मी नवी होती. म्हून बोलली नाई."

"वीस वर्षं?"

"तुमच्याशी कोन भांडन, आई?"

तिनं भाकरी उलटली. मग मी जे सांगायला वळले होते तेच सांगितलं. कीबोर्डवाल्याला म्हणावं, सुरुवातीचा तुकडा वाजवायचा नाही. पहिली ओळ एकटीनं म्हण, सावकाश, ढोलकी दुसऱ्या ओळीपासून. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी चपला घालून सरावाला गेली.

जयंतीच्या कार्यक्रमात मला खुर्ची पुढे ठेवली होती. मी मांडवाच्या खांबाजवळ उभी राहिले. सून माइकसमोर आली आणि कीबोर्डवाल्यानं सवयीनं तोच तुकडा वाजवला. मागून लगेच शिट्ट्या. एक पोरगा खुर्चीवर चढून नाचायला लागला. सून माइकपासून एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, ही आता खाली उतरते, आणि उतरली तर पुन्हा कधी चढायची नाही. तेही माझ्याच बोलण्यानं.

ती वळली. कीबोर्डवाल्याचा हात धरून तिनं पट्ट्यांवरून उचलला आणि बाजूला ठेवला. शिट्ट्या थांबल्या. मग तिनं एकटीनं ओळ उचलली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

टीव्हीतल्यासारखं कोणी रडलं नाही. पोरं पळत होती, माइक मधूनच चिरकत होता. पण हसलंही कोणी नाही. दुसऱ्या कडव्याला खुर्चीवरचा पोरगा खाली उतरून टाळ्यांचा ठेका धरत होता.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "कसं झालं?"

"तिसऱ्या ओळीत दम तुटला."

"आता सांगून काय फायदा? कार्यक्रम झाला."

"बुद्धपौर्णिमेले शेंदूरजनाघाटले जायचं हाय. तिथल्या बाया आल्या होत्या, तुले बोलावते. मी हो म्हटलं."

"मले न इचारता?"

"तू वीस वर्षं सांगतलं मले, चाली कोनाच्या ते?"

ती कपाळाला हात लावून सोफ्यावर बसली. थोड्या वेळानं हळूच तिसरी ओळ म्हटली. पुन्हा तिथेच दम तुटला.

"अर्ध्यातच घे दम," मी म्हटलं. "शेवटच्या शब्दाची वाट नको पाहू."

तिनं पुन्हा म्हटली.