चूक कबूल करणारे राठोड सर

राठोड सर यंत्राशी बोलत. प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी ते चुंबकाच्या उंच टाकीजवळ उभे राहून विचारत होते, "काहून रे, आज बोलून नाही राह्यला?" घरापासून इतक्या दूरच्या शहरात वऱ्हाडी ऐकून मला हसू फुटलं. मी तिकडच्याच मेडशीची, सर मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे.

आमचं काम एनएमआरचं. पदार्थ प्रचंड चुंबकात ठेवायचा, रेडिओलहरींचा झटका द्यायचा आणि त्यातल्या अणुकेंद्रांचं उत्तर टिपायचं. आमचा पदार्थ थराथरांचा अतिवाहक होता. खूप थंड केला की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. अशा वेळी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि नेहमीच्या अतिवाहकांत अणुकेंद्रांचा संकेत सरकतो. सरांच्या पदार्थात तो हललाच नव्हता. म्हणजे जोड्या निराळ्याच जातीच्या. तरुणपणी मांडलेल्या या निष्कर्षानं सरांचं नाव झालं होतं.

तेच मोजमाप पुन्हा करताना मी एकदा झटका अगदी सौम्य ठेवला आणि संकेत सरकला. तीनदा करून पाहिलं. मग भीतभीत आलेख सरांपुढे ठेवला.

"माझंच काही चुकलं असेल, सर."

त्यांनी झटक्याचा आकडा तपासला. "तुयं नाही चुकलं, पोरी. आपणच त्याले चटका देऊन राह्यलो होतो. गरम झाल्यावर तो कायचा अतिवाहक?"

झटक्याच्या उष्णतेनं ऐन मोजण्याच्या क्षणी पदार्थ साधा होऊन जात होता.

माझ्या मोजमापाच्या नव्या निबंधात एक तळटीप पुरे, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. सर त्याच्याकडे वळले. "माह्या भरवशावर किती जणाईनं आपली वर्षं घातली. त्याईले तळटीपीत सांगू काय?"

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. जुना निबंध मागे घेणारं चार ओळींचं पत्र त्यांनी एकट्याच्या सहीनं छापायला पाठवलं. नव्या निबंधावर मात्र स्वतःचं नाव घालू दिलं नाही.

निवृत्तीनंतर सर तांड्यावर परतले आणि यंदाच्या हिवाळ्यात वारले. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्यांच्या थोरल्या भावानं मला जवळ बसवलं.

"बाई, त्यानं तिथं काय शोधलं, आमाले कदी समजलंच नाही. काय शोधलं त्यानं?"

मी म्हणाले, "सोताची चूक, भाऊ. अन् साऱ्या जगाले सांगतली."

म्हाताऱ्यानं पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"उठ. हे साऱ्याईले आयकू येईन असं सांग."

मी उठून उभी राहिले.