आमच्या घराची मूठ

श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट करताना आमच्या भाऊबंदकीत प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. तेवढेच दळायचे आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही. म्हणून मोजणी चुकून चालत नाही. घरं मात्र विखुरलेली: काही धुळ्याकडे, काही इकडे शहरातल्या भेस्तानला, काही आमच्यासारखी नवागामात. पूर्वी मी फोन करकरून यादी करायची. तरी एखादं घर निसटायचंच.

माझ्या नवऱ्याला हे बघवेना. ते साडीच्या एका पेढीत कॉम्प्युटरचं काम बघत. त्यांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटा डेटाबेस लिहिला, एकाच फाइलीत मावणारा. धुळ्याला कोणी नाव भरलं की त्याच क्षणी ते सगळ्यांच्या मोबाइलवर दिसे. त्यातच कामांची रांगही होती: मुठींची बेरीज करायची, गहू काढणाऱ्या चुलत सासऱ्यांना आकडा कळवायचा, घरोघर निरोप पाठवायचा. एकेक काम आपोआप सुटायचं. कोणाचा फोन बंद असला तर त्याचा निरोप रांगेत थांबून पुन्हा जायचा. ही रांग रेशनच्या दुकानापेक्षा बरी, मध्ये कोणी घुसत नाही, असं मी म्हणाले.

"तू घुसशील," ते म्हणाले. आणि मला सगळं चालवायला शिकवलं.

ते गेले तेव्हा मुलगी बारावीत होती. मागच्या श्रावणात दुखवट्यामुळे रोट झाले नाहीत. यंदा करायचं ठरलं, मी स्क्रीन उघडली, तर आमच्या घरापुढे त्यांचं नाव तसंच. भेस्तानच्यांनी पाहिलं होतं, धुळ्याच्यांनीही. आपण कसं काढायचं, म्हणून कोणी हात लावला नव्हता. शेवटी शेजारच्या घरातून चुलत सासरे आले. पाणी प्यायले, मुलीच्या कॉलेजची चौकशी केली, मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बेटा, गहू काढायचेत. आकडा बरोबर आहे ना?"

"नाही," मी म्हणाले. "करते."

मी लगेच केलं नाही. आमच्या घरात आता सासूबाई, मी आणि मुलगी. ते नाव काढलं की आमच्यापुढे शून्य. आणि शून्य असलेल्या घराला निरोप जात नाही, ही अट त्यांनीच घातली होती; जे घर रोटांत नाही त्याला उगाच त्रास नको, म्हणून. अट मला बदलता आली असती. पण निरोपात 'आपल्या घराच्या इतक्या मुठी घेतल्या, रविवारी यावे' असं असतं. शून्य मुठींच्या घराला काय लिहायचं, ते मला सुचेना.

कुकर लावला, कपडे वाळत घातले आणि नाव काढलं. यादीतली खालची घरं होती तिथेच राहिली. फक्त आमच्या ओळीतला आकडा बदलला, आणि त्याच क्षणी तो सगळ्यांच्या हातात बदलला असणार. कोणाचाही फोन आला नाही.

शनिवारी दुपारी निरोप सुटले. भिंतीपलीकडे चुलत सासऱ्यांचा मोबाइल वाजला, मग समोरच्या दिरांचा. सासूबाई आपला फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आपला निरोप उना नही का?"

मी त्यांच्याजवळ बसून अट समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हाई त्यानीच लिखेल शे ना?"

"हो, आई."

"मंग राहू दे."

त्यांनी फोन उशीखाली ठेवला. रविवारी पहाटे त्या माझ्या आधी उठून, लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. आम्ही दोघी शेजारी गेलो. मोजलेले गहू सुपात होते. त्यात आमचे नव्हते. जाऊबाईंनी सरकून जात्याजवळ जागा करून दिली, आणि सासूबाईंनी आणि मी दळायला घेतलं.